गाडी ग्रिडवर भरा, घरची बॅटरी घराला ठेवा

दादा, तुमचा प्रश्न वाचला. हल्ली असाच प्रश्न सारखा कुणी ना कुणी विचारतंय, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. तुमचा सेटअप असा: कोल्हापुरात कळंब्याकडं बंगला, गच्चीवर ५ किलोवॅट पॅनेल, ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर (म्हणजे लाइट गेली तरी बॅटरीवर घर चालवणारा), ५ युनिटची लिथियम बॅटरी, नेट मीटर (ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला, दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा) बसलाय, गाडी नेक्सॉन ईव्ही ४५ वाली आणि पार्किंगमध्ये ७.२ किलोवॅटचा चार्जर. रोज शिरोली एमआयडीसीला जाऊन येऊन तीसेक किलोमीटर, महिन्यातनं दोनदा पुणं. चार्जरच्या अ‍ॅपमध्ये 'फक्त सोलर', 'सोलर अधिक ग्रिड', 'फास्ट' आणि 'शेड्यूल' असे चार ऑप्शन दिसतायत, त्यातलं कुठलं ठेवू, आणि रात्री गाडी भरायला लावली की सकाळी घरची बॅटरी २० टक्क्यावर का येऊन बसते, असं तुम्ही विचारलंय.

आधी बॅटरीचंच बोलू, कारण खरी गोची तिथंच आहे.

तुमच्या इन्व्हर्टरला एक सीटी लावलेला असतोय, म्हणजे मीटरकडनं येणाऱ्या वायरीवर चिमट्यासारखा बसवलेला तो काळा डबा. घर ग्रिडमधनं किती वीज ओढतंय हे इन्व्हर्टरला त्याच्यावरनं कळतंय. सेल्फ यूज मोडमध्ये इन्व्हर्टरचं काम एकच, तो आकडा शून्यावर आणायचा. आता रात्री अकराला तुम्ही गाडी लावली, चार्जरनं साडेतीन किलोवॅट ओढायला सुरुवात केली, की इन्व्हर्टरला वाटतंय घरात कुणीतरी दोन गिझर लावलेत आणि तो लगेच बॅटरीतनं तेवढी वीज द्यायला लागतोय. त्याला गाडी कळत नाही, लोड कळतोय. ५ युनिटच्या बॅटरीत २० टक्के राखीव सोडलं तर वापरायला ४ युनिट, म्हणजे सव्वा तासाच्या आत बॅटरी बसली, आणि त्यातनं गाडीला मिळालं काय तर पंचवीस किलोमीटरची चाल. मग दोन वाजता लाइट गेली की फॅनसुद्धा बंद, आणि घरातले विचारणार एवढे पैसे घालून ही बॅटरी कशाला बसवली.

हे खरंच असं होतंय का ते आजच बघा. रात्री घरातलं सगळं बंद करा, चार्जर १६ अँपिअरवर चालू करा आणि इन्व्हर्टरचं अ‍ॅप उघडून उभं राहा. ग्रिडचा आकडा शून्याच्या आसपास आणि बॅटरीतनं साडेतीन किलोवॅट बाहेर जाताना दिसले तर समजायचं की चार्जर सीटीच्या घराकडच्या बाजूला जोडलाय. जास्त करून असंच असतंय, कारण सोलरवाला आधी येऊन काम करून गेलेला असतोय आणि चार्जर बसवणारा मागनं येतो, त्याला जवळची डीबी, म्हणजे एमसीबीचा डबा, दिसती, तो तिथनं वायर काढतो आणि जातो. दोघांनी एकमेकांचं तोंड पण बघितलेलं नसतंय.

यावर पक्का उपाय म्हणजे चार्जरची वायर मीटरनंतर पण सीटीच्या आधी जोडून घ्यायची. मग गाडी इन्व्हर्टरला दिसतच नाही, ती थेट ग्रिडवर आणि बॅटरी घरावर. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण लायसनवाल्या वायरमनकडनंच करून घ्या, मीटरजवळच्या जागेत स्वतः हात घालायचा नाही. घरात थ्री फेज असेल आणि इन्व्हर्टर सिंगल फेज असेल तर अजून सोपं, चार्जर दुसऱ्या फेजवर टाकला की विषय संपला. आणि वायरिंगला हात लावायचाच नसेल तर इन्व्हर्टरच्या टाइम ऑफ यूज सेटिंगमध्ये गाडी भरायच्या वेळेत बॅटरीचा डिस्चार्ज बंद करून टाका, किंवा त्या वेळेपुरता राखीव टक्का ९० वर ठेवा. ह्याच्यात अडचण एवढीच की इन्व्हर्टरचं घड्याळ आणि चार्जरचं घड्याळ जुळायला लागतंय. काही इन्व्हर्टरमध्ये टाइम झोन चुकीचा असतोय आणि मग 'रात्री ११' म्हणजे भलतंच काहीतरी होतंय, ते एकदा तपासा.

आता तुम्ही म्हणणार, बॅटरीतली वीज सोलरचीच आहे की, मग गाडी फुकटात भरली तर बिघडलं काय? हिशोब करून बघा. दुपारी पॅनेलमधनं आलेली १०० युनिट बॅटरीत घालून परत बाहेर काढली तर साधारण ८८-९० हातात येतात, त्यातनं गाडीच्या आतल्या चार्जरमध्ये अजून दहाएक टक्के जातात, म्हणजे गाडीत पोचली ऐंशीच्या आसपास. तीच १०० युनिट दुपारी ग्रिडला दिली तर नेट मीटरवर पूर्ण १०० जमा होतात, रात्री १०० परत घेतली, गाडीत गेली ९०. वर बॅटरीची एक सायकल वाचली ती वेगळीच. डेअरीला सकाळी दूध घालायचं आणि पासबुकात लिटर मांडून ठेवायचं तसंच आहे हे, घरात फ्रिज घेऊन दूध साठवत बसायची गरजच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो, नेट मीटर असलेल्या माणसानं 'फक्त सोलर'च्या नादाला लागायचंच नाही. हे मोड युरोपातनं आलेत. तिकडं बऱ्याच ठिकाणी ग्रिडला दिलेल्या युनिटला कवडीमोल भाव मिळतोय आणि घेतलेलं युनिट महाग पडतंय, त्यामुळं छतावरचं प्रत्येक युनिट घरातच जिरवायची त्यांची धडपड असते. आपल्याकडं महावितरणच्या घरगुती नेट मीटरिंगमध्ये युनिटला युनिट वजा होतंय, उरलेलं पुढच्या महिन्यात जातंय आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंत चालतंय. गाडी दुपारी भरा नाहीतर रात्री, बिलाच्या तळाशी फरक जवळजवळ पडत नाही.

वर 'फक्त सोलर'चा त्रास वेगळाच. एसी चार्जिंगला ६ अँपिअर हा स्टँडर्डमध्येच ठरलेला किमान करंट आहे, त्याच्याखाली गाडी भरतच नाही. सिंगल फेजवर ६ अँपिअर म्हणजे साधारण १४०० वॅट. घराचा लोड वजा जाऊन एवढं जादा उरलं तरच चार्जर चालू, एक ढग आला की बंद, ढग गेला की परत चालू. जूनच्या शेवटी आपल्याकडं आभाळ कसं असतंय ते तुम्हाला सांगायला नको. दिवसभर चार्जरमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे आतला स्विच, खटाक-खटाक करत बसतोय आणि संध्याकाळी बघावं तर गाडी चार टक्के भरलेली. शिवाय गाडी भरताना तिचे कॉम्प्युटर, पंप वगैरे चालू असतात आणि ते दोन-तीनशे वॅट खातातच, तुम्ही हळू भरा नाहीतर जोरात. १४०० वॅटवर भरताना हा तोटा डोळ्यात भरण्याइतका होतोय, साडेतीन किलोवॅटवर तो किरकोळ वाटतोय. ६ अँपिअरवर दिवसभर रडत भरण्यापेक्षा १६ अँपिअरवर दोन तासात मोकळं झालेलं बरं.

तरीपण दुपारी भरायची तीन कारणं खरी आहेत, ती सांगतो.

एक म्हणजे व्होल्टेज. तुमच्या डीपीवर आठ-दहा घरांनी सोलर बसवलं असेल तर एप्रिल-मे मध्ये दुपारी बाराच्या पुढं सगळेच वीज ढकलत असतात आणि लाइनचं व्होल्टेज चढतंय. एका मर्यादेच्या वर गेलं की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतोय, परत चालू होतोय, आणि त्या वेळातलं उत्पादन वाया जातंय. अ‍ॅपमधला दिवसाचा ग्राफ गुळगुळीत डोंगरासारखा न दिसता ऐन दुपारी करवतीच्या दात्यासारखा दिसत असेल तर हेच चाललंय. अशा घरात सुट्टीच्या दिवशी दुपारी गाडी लावली की घरातलाच लोड वाढतोय, व्होल्टेज खाली बसतंय आणि पॅनेल पूर्ण चालतात. इथं दुपारच्या चार्जिंगला खरोखर पैशात किंमत आहे.

दुसरं म्हणजे टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार विजेचा वेगळा दर. ज्यांच्याकडं स्मार्ट टीओडी मीटर बसलेत त्यांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागं ८० पैशापासून सवलत लागू झाली. तुमच्या बिलावर वापर वेळेनुसार तुकड्यात छापून येतोय का बघा, येत असेल तर निर्यात झालेलं युनिट कुठल्या वेळेतनं वजा केलंय ते पण त्याच बिलावर कळेल. असं मीटर असेल आणि गाडी दुपारी घरी असेल तर शेड्यूल १० ते ३ लावून टाका, डोकं चालवायचं काम नाही. राजारामपुरीतले, गुजरीतले माझे बरेच गिऱ्हाईक दुपारी जेवायला घरी येतात, जेवण आणि जरा डुलकी होईतोवर सहा-सात युनिट आरामात जातात. तुमचं तसं नाही, तुमची गाडी दिवसभर शिरोलीत उभी, म्हणून तुम्हाला हे फक्त सुट्टीला.

तिसरं कारण मार्च महिना, आणि हे कुणी सांगतच नाही. तुमचा वर्षाचा हिशोब मांडू. आपल्याकडं १ किलोवॅटला वर्षाची सरासरी धरली तर रोजची चारेक युनिट, म्हणजे ५ किलोवॅटला महिन्याला ६०० च्या घरात. ही सरासरी हं, मार्च-एप्रिलला वर जाते आणि जुलैला निम्म्यावर येते. घराचा वापर तुम्ही २५० लिहिलाय. गाडीचं बघा: रोज ३० किलोमीटरला भिंतीतनं साधारण पाच युनिट, महिन्याची सव्वाशे-दीडशे, वर पुण्याला जाताना फुल भरायची दोन वेळची साठ-सत्तर, म्हणजे २०० धरू. एकूण साडेचारशे. म्हणजे वर्षाला तुमच्याकडं युनिट उरणार आहेत. आता हिशोबाचं वर्ष सुरू होतंय १ एप्रिलला, एप्रिल-मे ला जमा झालेली युनिट जुलै-ऑगस्टला खर्ची पडतात, इथपर्यंत झकास. पण ऑक्टोबर ते मार्च जे साठतंय ते ३१ मार्चला खाती बंद होताना महावितरण घेऊन टाकतंय आणि त्याचा जो दर मिळतोय तो तुम्ही भरता त्या दरापुढं काहीच नाही. म्हणून जानेवारीचं बिल आलं की शिल्लक युनिट बघा. सातशे-आठशे दिसली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेरच्या फास्ट चार्जरला एक रुपया घालवायचा नाही, पुण्याला जाताना १०० टक्के घरातनं, स्वयंपाकघरात इंडक्शन, पाहुण्याची ईव्ही आली तर तिला पण लावा. ३१ मार्चला साठा शून्याजवळ आला पाहिजे, तर त्या पॅनेलचा पैसा वसूल.

म्हणजे तुमच्या अ‍ॅपमध्ये ठेवायचं 'शेड्यूल', रात्री ११ ते पहाटे ४, करंट १६ अँपिअर. एका तासाला साडेतीन युनिट धरली तर रोजचं तुमचं काम दीड तासात संपतंय. गाडीतली मर्यादा ८० टक्के, पुण्याच्या आदल्या रात्री १००, आणि मधनंअधनं फुल भरायचं का, किती दिवसांनी, हे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसंच करा, युट्यूबवर दहाजण दहा तऱ्हेचं सांगतात. 'फास्ट' म्हणजे ३२ अँपिअर, ते फक्त अचानक कुठं निघायचं झालं तर.

३२ ला मी एवढा का नको म्हणतोय? ७.२ किलोवॅटचा चार्जर, त्यात सकाळी सहाला गिझर, खालच्या टाकीतनं पाणी चढवायची मोटर आणि वरच्या खोलीतला एसी, सिंगल फेजवर हे सगळं एकदम आलं की मेनचा एमसीबी पडणारच, नाही पडला तर त्याहून वाईट, कारण मग तापतंय ते मीटरचं टर्मिनल. बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतोय तो बघा. तो ३ किंवा ५ किलोवॅट असेल आणि तुम्ही ७.२ ओढणार असाल तर भार वाढवून घ्यायलाच पाहिजे. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी घरगुती दरानंच भरता येते, वेगळं ईव्ही मीटर घ्यायची सक्ती नाही, एवढं लक्षात ठेवा, काहीजण उगाच भीती घालतात. तुमच्या चार्जरमध्ये लोड बॅलन्सिंग असेल तर त्याचा स्वतःचा वेगळा सीटी मेनवर लावून घ्या आणि मर्यादा मेन एमसीबीच्या थोडी खाली ठेवा, गिझर लागला की चार्जर आपोआप खाली येतोय.

चार्जरला आर्थिंगचा खड्डा वेगळा, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज लीक झाली की लाइन तोडणारा स्विच) टाइप ए चा, आणि चार्जरमध्ये आतच डीसी लीकेज पकडायची सोय नसेल तर टाइप बी चा. जवळच्या जवळ असेल तर ६ स्क्वेअर एमएम कॉपर, लांब असेल तर १०. आणि गाडीबरोबर आलेला १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर साध्या स्विचबोर्डवर रात्रभर लावणाऱ्यांनी एकदा त्या सॉकेटला हात लावून बघा. इंडस्ट्रियल निळं सॉकेट काय फार महाग नाही, उद्यमनगरात कुठल्याही इलेक्ट्रिकलवाल्याकडं मिळतंय.

आता बॅटरीचं सेटिंग, कारण तिचं काम गाडी नाही तर लाइट गेल्यावरचं घर. ऑक्टोबर ते मे राखीव टक्का ५० ठेवा, संध्याकाळी थोडी वापरली तर वापरू दे, तशी नेट मीटरवाल्याला तिचीही फार गरज नाही. जून लागला की राखीव ८५-९० आणि ग्रिड चार्ज चालू, म्हणजे दिवसभर ऊन पडलंच नाही तरी बॅटरी ग्रिडवरनं भरून तयार राहती. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा महापूर आपण बघितलाय, शाहूपुरी, नागाळा पार्कात पाणी घुसलेलं, हायवे बंद, कितीतरी भागात दिवसच्या दिवस लाइट नव्हती. त्या वेळी ज्यांच्याकडं नुसतं ऑन-ग्रिड सोलर होतं त्यांची पॅनेल छतावर असून नसल्यासारखी, कारण ग्रिड गेला की तसला इन्व्हर्टर बंद होणारच, लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी तो नियमच आहे. तुमचा हायब्रिड आहे, तो चालेल. कळंब्याला पुराचं पाणी यायची भीती नाही, पण खाली पार्किंगमध्ये पाणी तुंबत असेल तर चार्जर छातीएवढ्या उंचीवर घ्या.

ह्यावरनं अजून एक. चार्जर चुकूनही इन्व्हर्टरच्या बॅकअप लाइनवर ठेवू नका. ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर, त्यावर घर, वर गाडी, लाइट गेली की पहिल्या मिनिटाला ओव्हरलोड. आणि बऱ्याच ठिकाणी बॅकअपवर गेल्यावर न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी सुटलेली असते, मग गाडी अर्थ फॉल्ट दाखवती आणि भरायला नकार देती. लोक गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला पळतात, गाडीत काही बिघडलेलं नसतंय.

उलट लाइट नसताना गाडीच तुमची मोठी बॅटरी आहे हे विसरू नका. घरची ५ युनिट, गाडीची ४५. तुमच्या नेक्सॉनमध्ये व्हीटूएल, म्हणजे गाडीच्या बॅटरीतनं बाहेर वीज काढायची सोय, असेल तर अ‍ॅडॉप्टर लावून ३.३ केव्हीएपर्यंत बाहेर काढता येतंय, फ्रिज, दोन फॅन, मोबाईल आणि वायफाय त्याच्यावर दोन-तीन दिवस सहज निघतात. फक्त एक्स्टेन्शन बोर्ड वापरा आणि वस्तू थेट त्याला लावा. घरातल्या सॉकेटमध्ये उलटी पिन घालून सगळं घर चालवायचा उद्योग कुणीही करायचा नाही, त्यात लाइनवरचा वायरमन मरतोय आणि लाइट परत आली की तुमची गाडी जळती. म्हणून पावसाळ्यात रेड अलर्ट आला की ८० ची मर्यादा काढा आणि गाडी १०० वर भरून ठेवा.

अजून पॅनेल वाढवू का असं शेवटी विचारलंय. तुमच्या हिशोबाला नको. सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॅटलाच ७८ हजारावर थांबतंय, त्याच्या वर कितीही लावा एक रुपया वाढत नाही, आणि तुमची युनिट आत्ताच उरतायत. दुसरी ईव्ही घरात आली तर बघू. तोपर्यंत त्या पैशात चार्जरची लाइन सीटीच्या आधी, मीटरच्या बाजूला घेऊन टाका, आणि सोलरवाल्याकडनं इन्व्हर्टरचं इन्स्टॉलर लॉगिन मागून घ्या. काहीजण द्यायला कुरकुरतात, 'तुम्ही काहीतरी बदलाल' म्हणतात. लॉगिन नसेल द्यायचं तर त्यालाच समोर बसवून राखीव टक्का, ग्रिड चार्ज आणि डिस्चार्जची वेळ ह्या तीन जागा भरून घ्या आणि प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, कारण फर्मवेअर अपडेट झाला की काही इन्व्हर्टर सगळं विसरून परत सेल्फ यूज आणि २० टक्क्यावर जाऊन बसतात.